कानशीचं हत्यार

"पण बुवा, कडकच नसेल तर त्याला हत्यार म्हणायचं कशाला?"

असं विचारत द्वारकाने फडक्यात गुंडाळून आणलेलं हत्यार पुढे सरकवलं.

 कातारीबुवांनी ते उचललं, दारातल्या उजेडात धरलं, आणि नखाने टिचकी मारली.

टण्ण...

आवाज कितीतरी वेळ हवेत राहिला. काचेच्या बरणीला टिचकी मारावी तसा.

"गातंय चांगलं," बुवा म्हणाले.

"गाणारच. काचेवर रेघ ओढते मी त्याने. तीन दिवस राबलेय, बुवा. आमच्या आळीत कुणाकडे असं हत्यार नाही."

"तुमच्या आळीत दुसरा कातारी आहे कोण?"

बाहेर ओंडका कापत बसलेला हरबा, बुवांचा जुना शिष्य, करवत थांबवून हसला. "द्वारकाबाई, कातायला आणलंय का चोर मारायला?"

द्वारका हसली नाही. तिचं लक्ष मनगटाकडे होतं. मनगटाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती, आणि पट्टीचं दुसरं टोक अनूच्या कमरेला होतं. अनू चौदा महिन्यांची. जिथे बसवली तिथेच बसायची. शेजारच्या बायका तिला ठकी म्हणायच्या, लाकडाच्या बाहुलीवरून.

टेकडीखालच्या बुवांच्या मठात ना ग्रंथ होता ना कीर्तन. एक समाधीचा दगड, एक भट्टी, आणि पायाने फिरवायचा एक लेथ. त्यावर लाकूड फिरायचं आणि बुवा हत्यार लावून त्यातून लाटणी, रव्या, भोवरे, खुळखुळे उतरवायचे. लोक लांबून प्रश्न घेऊन यायचे आणि पुष्कळदा लाटणं घेऊन परत जायचे.

शिकायला येणाऱ्यांसाठी तिथे एकच रिवाज होता. बुवा कुणाला हत्यार देत नसत. ज्याचं त्याने आपल्या घरी, आपल्या हाताने करायचं आणि नुसतं लोखंड घेऊन यायचं. ते पसंत पडलं, तर बुवा स्वतः मूठ कातून बसवायचे.

लोखंड तुझं, मूठ माझी, असं ते म्हणायचे. बिनमुठीचं हत्यार लाकडाला लावायला त्यांच्या शिष्याला मनाई होती.

द्वारका लग्नानंतर तीन वर्षं इथे शिकली होती. अनू झाली आणि तिचं येणं बंद पडलं. पोरीला घरी टाकून यायचा धीर होईना, आणि हात रिकामे ठेवून बसवेना. शेवटी नवऱ्याने, सुदामने, पडवीत मोटरचा छोटा लेथ बसवून दिला. "आता घरीच कर," म्हणाला.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

घरात चाक फिरणार, आणि त्याच घरात पोर. खपली उडाली तर? लाकूड सुटून आलं तर? एवढुसे डोळे...

"कसं केलंस?" बुवांनी विचारलं.

द्वारका सावरून बसली. एवढ्याचीच ती वाट बघत होती.

"जुनी कानस घेतली. सासऱ्यांची, दात गेलेली. न्हाणीघरातल्या बंबात कोळसे पेटवले. सासूबाईंच्या फुंकणीने फुंकले."

"विचारून घेतलीस फुंकणी?"

"...नाही."

"बरं. पुढे?"

"लाल होऊ दिली. पिकल्या तोंडल्यासारखी. आपली आपण गार होऊ दिली, नरम केली. मग दात घासून काढले, टोकाला गोल धार आणली. पुन्हा तापवली. लोहचुंबक चिकटेनासं झालं तशी बाहेर काढून तेलात बुडवली. चुर्र झालं आणि कडक! दुसरी कानस लावून बघितली, ती नुसती घसरते. ओरखडा नाही."

"आणि मग?"

"मग काय? झालं."

बुवांनी हत्यार उजेडात फिरवून बघितलं.

"झालं?"

 द्वारकाला माहीत होतं ते काय विचारताहेत. इथेच, याच भट्टीपुढे, त्यांनी शिकवलं होतं. कडक केलेलं लोखंड तसंच ठेवायचं नाही. पुन्हा हलक्या आचेवर धरायचं आणि कडकपणा थोडा उतरवायचा. उतरताना लोखंडावर रंग चढतात. मागून पुढे, धारेकडे, हळूहळू चालत येतात. आधी लोण्याचा, मग वाळल्या गवताचा, मग गुळाचा, मग जांभळा, मग निळा. गवताचा रंग धारेवर आला की त्याच क्षणी तेलात. क्षणभर उशीर झाला आणि निळा आला, की धार मेली. पहिल्यापासून सगळं पुन्हा.

"उतरवलं नाहीस," बुवा म्हणाले.

"नाही."

"विसरलीस?"

"विसरले नाही." तिने पट्टीला एक वेढा दिला. "भ्याले. रंग पुढे निघून गेला असता तर? तीन दिवसांची मेहनत. घरात मी एकटी, पोर पायाशी. म्हटलं, कडक आहे तर कडक राहू दे. कडक काय वाईट? मऊ पडलेलं हत्यार लाकडात अडकतं. माझ्या घरात तान्ही पोर आहे, बुवा. मला कच्चं काही नको."

"म्हणजे पोरीच्या काळजीने उतरवलं नाहीस."

"हो," ती म्हणाली. तिला वाटलं, बुवांना पटलं. म्हणून ती बोलत सुटली. "मी सगळी काळजी घेतलीय. मधे पडदा लावलाय गोणपाटाचा. बटणाला वरून डबा ठोकलाय. विहिरीवर फळ्या टाकायला लावल्या सुदामला. घरात शेंगदाणा ठेवत नाही, घशात जाईल म्हणून. मांजर हाकलून दिली. आणि हिला खाटेच्या पायाला बांधते. ही पट्टी. हातभर. त्याच्यापुढे जाताच येत नाही."

"मग आता भीती गेली असेल?"

द्वारकाने अनूच्या तोंडातलं पट्टीचं टोक काढलं.

"गेली का?"

"वाढली," ती हळूच म्हणाली. "रोज वाढते. काल सुपातला किडा बघून दचकले. आणि बुवा, अजून ही उभी राहत नाही. हिच्या मागून झालेली पोरं चालायला लागली. एकदा हिच्या डोक्यावर हात ठेवा. मला रात्रंदिवस..."

तिचा आवाज चिरकला. अनूने एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा पट्टीचं टोक चोखायला लागली.

बुवा उठले. लेथवर शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा चढवला. हत्यार द्वारकापुढे धरलं.

"मागे चिंधी गुंडाळ. चालव."

"बिनमुठीचं?"

"मनाई मी केली, मोडतोही मीच. चालव."

द्वारका लेथपाशी बसली. पाय फळीवर ठेवला. हत्याराचं टोक लाकडापुढच्या टेकणीवर ठेवलं. समोरून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं म्हणून तिने मान वर केली.

बुवा समोर येऊन बसले होते. लाकडाच्या पलीकडे, बरोबर धारेच्या रोखाने. मांडी घालून, तोंड तिच्याकडे करून.

"बुवा, तिथे नका. खपल्या उडतात."

"खपल्यांनी काय होतंय? चालव."

तिने फळीवर जोर दिला. लाकूड एक वेढा फिरलं... आणि थांबलं. तिचा पाय आपोआप सुटला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

ती पुन्हा फळी दाबणार, तेवढ्यात बुवांनी दोन्ही हात पुढे केले.

"पोरीला दे माझ्या मांडीवर. तिलाही बघू दे, आई काय करते."

हरबाची करवत थांबली.



"नाही," द्वारका म्हणाली.

"का?"

"नाही."

"काचेवर रेघ ओढतं म्हणालीस."

द्वारकाने पाय फळीवरून खाली घेतला.

"तुझ्या आळीत असं कुणाकडे नाही म्हणालीस."

"बुवा, नका ना..."

"घरी ही पोर लेथपासून किती लांब असते?"

तिच्या डोळ्यापुढे पडवी आली. खाटेचा पाय. हातभर पट्टी. गोणपाटाचा पडदा. पडदा धुळीला पुरेल, लोखंडाला नाही. आणि पट्टी... पट्टीने पोर तिथेच राहणार. काहीही आलं तरी तिथेच राहणार. 

"सहा हात," ती म्हणाली.

"इथे दोन आहेत," बुवा म्हणाले. त्यांनी थांबलेल्या लाकडावर हात ठेवला. "या जागी माझा धाकटा भाऊ बसायचा. मी भोवरा उतरवताना बघायला."



हरबाने खाली मान घातली. द्वारकाला इतक्या वर्षांत बुवांना भाऊ होता हेही माहीत नव्हतं.  विचारायची हिंमत झाली नाही.

बुवा उठले. "पोरीला घेऊन भिंतीआड जा. हरबा, तूही."

त्यांनी हाताला गोणपाट गुंडाळलं. हत्यार टेकणीच्या बाहेर बोटभर जास्त काढलं. स्वतः बाजूला होऊन तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पाय हलवायला लागले.

लाकूड फिरलं. खर्रर्र... खर्रर्र... आधी नीट चाललं. साल निघाली, लांब, बटाट्याच्या सालीसारखी. भिंतीआडून द्वारकाच्या मनात आलं, बघा, चालतंय की.

"गाठ," बुवा म्हणाले.

ठाक्!

आवाज इतका लहान होता की अनू दचकलीसुद्धा नाही.

लेथ थांबला. द्वारका भिंतीआडून बाहेर आली, तेव्हा बुवांच्या हातात अर्धंच हत्यार होतं. मोडलेली जागा पांढरी, दाणेदार, तुटलेल्या खडीसाखरेसारखी.

दुसरा तुकडा दिसेना. हरबाने भुसा चाळवला. लेथखाली बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "द्वारकाबाई..."

तुकडा मागच्या खांबात रुतला होता. सागाच्या खांबात, नखभर खोल. बुवा बसले होते, बरोबर त्यांच्या पाठीमागे.

द्वारका खांबापाशी गेली. तुकडा जमिनीपासून किती उंच आहे ते तिने बघितलं. मग मांडीवरची अनू किती उंच भरली असती, ते मोजायला तिचा हात वर गेला... आणि तिने तो मधेच खाली घेतला.

तिने अनूला छातीशी धरून एवढं आवळलं की पोर रडायला लागली.

"मी चालवलं असतं तर?" तिने विचारलं. "बुवा, मी तुमचं ऐकून चालवलं असतं तर?"

बुवा हाताचं गोणपाट सोडत होते. ते दोनदा त्यांच्या हातून निसटलं. तिने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"गाठ रोज लागत नाही," ते म्हणाले. "महिनाभर लागली नसती, तर महिनाभर तू स्वतःला शहाणी समजली असतीस."

त्यांनी उरलेला अर्धा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला.

"यातून कर."

"हा? आखूड झाला. आणि आता माझ्याच्याने..."

"आखूड चालतं. इथेच कर. आत्ता."

द्वारकाने डोळे पुसले. सहाणेपाशी बसून तुकड्याला नवी धार लावायला तिला पाऊण तास लागला. पाणी घालत, घासत, बघत. पॉलिश पेपरने ती इतकी चकचकीत केली की तिच्यात तिला आपला डोळा दिसला. रंग दिसायचे तर लोखंड आरशासारखं हवं.

मग ती भट्टीपाशी बसली. चिमट्यात तुकडा धरला. धार पुढे, पाठ निखाऱ्यांवर. शेजारी तेलाचा डबा.

"फुंकणी हवी का? विचारून देतो," हरबा म्हणाला. पण त्याचा आवाजही आता मऊ होता.

तेवढ्यात बुवा वाकले आणि तिच्या मनगटाची पट्टी सोडायला लागले.

"अहो बुवा!"

"चिमटा सांभाळ."

"निखारे आहेत इथे! बुवा, लहान आहे ती, तिला काही कळत नाही..."

"तुला किती कळतं ते मघाशी बघितलं." त्यांनी पट्टी अनूच्या कमरेचीही सोडली, घडी केली, आणि समाधीच्या दगडावर ठेवून दिली. "तू रंग बघ."

"मग तिला कोण बघणार?"

"तू रंग बघ."

द्वारकाने लोखंडाकडे पाहिलं. अजून पांढरं होतं. चांदीसारखं.

तिच्या पाठीमागे अनूच्या पायातले वाळे वाजले. एकदा. मग थांबले. बहुतेक पट्टीची वाट बघत असावेत. मग पुन्हा वाजले. जरा लांब.

पाठीकडून लोण्याचा रंग चढायला लागला. इतका फिका की आहे की नाही कळेना.

छुम... छुम...

अनू रांगत होती. कुठे जातेय? उजवीकडे सहाण. सहाणेच्या पलीकडे हत्यारांची फळी. डावीकडे... डावीकडे भट्टी.

लोण्याच्या मागून गवताचा रंग आला. पाठीवर. मधोमध. धारेपासून अजून दोन बोटं लांब.

छुम छुम छुम. जवळ. डावीकडून.

दीड बोट. एक बोट.

"आऽऽ!" अनू ओरडली.

द्वारका गर्रकन वळली.

अनू भट्टीपासून हातभर अंतरावर बसली होती. हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला होता, आणि आता स्वतःच्या तळहाताकडे आश्चर्याने बघत होती. भाजलं नव्हतं. आचच लागली होती. पोरीने निखाऱ्यांकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि जशी आली तशी उलटी सरकत गेली.

द्वारकाने मान फिरवली तेव्हा धार निळी झाली होती. मोरपिसासारखी, सुंदर. आणि मेलेली.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"हत्यार."

"आणि पोर?"

"...ती मागे सरली. आपली आपण."

"हं," बुवा म्हणाले. "परत तापव."

परत लाल करायचं, परत चुंबक, परत तेल, परत पॉलिश पेपर. ऊन दारातून आत सरकत समाधीपर्यंत आलं. हरबाने तिच्यासमोर चहा ठेवला, तो तसाच राहिला. अनूने मधे एकदा भुशात हात घातले, एकदा ओंडक्याची साल तोंडात घालून थुंकली, एकदा हरबाची करवत बघायला गेली आणि त्याने "ही तुझ्या आजोबांची नाही गं" म्हणून करवत उचलून खुंटीवर टांगली.  दर वेळी द्वारकाचे डोळे आपोआप दगडावरच्या घडी केलेल्या पट्टीकडे गेले.

पण पट्टी तिने मागितली नाही.

बुवा कुठेतरी मागे बसून हातात काहीतरी घेऊन घासत होते. मूठभर भुशाने लाकूड घासल्यावर येतो तसा सूं सूं आवाज येत होता. ती वळून बघू शकत नव्हती. कारण चिमटा पुन्हा निखाऱ्यांवर होता, आणि लोखंड पुन्हा पांढरं होतं.

"बुवा, मी दुसऱ्यांदा वळले तर?"

"तिसऱ्यांदा तापव."

"आणि त्या वेळात हिला काही झालं तर?"

सूं सूं आवाज थांबला. 

"ते माझ्याही हातात नाही," ते म्हणाले. पुन्हा सूं सूं सुरू झालं. "लोणी आलं बघ."

आलं होतं. पाठीवर, फिकं.

छुम... छुम...

 हात थरथरला तर रंग हलतो, म्हणून तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं. मनात ती वाळ्यांच्या मागे मागे चालली होती. आता सहाणेपाशी. आता खांबापाशी. त्याच खांबापाशी. त्यातला तुकडा हरबाने काढला का? काढला होता. काढला होता ना?

गवत आलं. मधोमध.

छुम.

दीड बोट.

छुम... छुम.

एक बोट.

आणि वाळे थांबले.

एकदम थांबले. रडं नाही, हसणं नाही, सरकण्याचा आवाज नाही. बुवांचं सूं सूं नाही. हरबाचीही चाहूल नाही. सगळा मठ श्वास धरून बसल्यासारखा झाला.

 द्वारकाची मान वळायला निघाली. मानेची शीर न् शीर ताणली गेली.

अर्धं बोट.

काय झालं? घशात काही गेलं? आवाज का नाही? कुणी बोलत का नाही?

पाव बोट. वाळल्या गवताचा रंग, कार्तिकातल्या कुरणासारखा, हळूहळू, कुणाची पर्वा नसल्यासारखा धारेकडे चालला होता. तिला ओरडावंसं वाटलं. तिने खालचा ओठ दातांत धरला. ओठाला रक्ताची चव आली.

धार पिवळी झाली.

चुर्र...

तेलाचा धूर वर आला. चिमटा डब्यातच सोडून ती वळली.

निखाऱ्यांकडे पाठ करून, भट्टी आणि बाकीचा मठ यांच्या बरोबर मधे बुवा बसले होते. ते केव्हा उठून तिथे येऊन बसले, तिला कळलंच नव्हतं. मांडीवर शिवणीची नवी मूठ होती, घासून गुळगुळीत केलेली. हरबा दारात, तोंडावर हात ठेवून उभा.

आणि खांबापासून दोन पावलं अलीकडे, कशालाच न धरता, अनू उभी होती.

पाय फाकलेले. हात पंखासारखे. गुडघे लटलट कापत होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं की रडू नव्हतं. भीती होती. स्वच्छ, मोठ्या माणसासारखी भीती. आणि त्या भीतीतच एक पाऊल उचलायचं चाललं होतं.

"अगं बाई! पडेल!" द्वारका धावली. दोन्ही हात पुढे.

बुवांनी मूठ आडवी धरून तिची वाट अडवली.

"थांब," ते हळूच म्हणाले. "रंग बघ."